सलमाची तक्रार कोणी बंद केली?

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नादियाचा फोन आला. हॅलो नाही, गुड मॉर्निंग नाही. तिने एकदम विचारलं, "सलमा बरी झाली असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी नुकतीच पार्किंग लॉटमधून वर आले होते, कोटसुद्धा काढला नव्हता. मी विचारलं, "कोण सलमा?"

"बावीसशे सोळा," नादिया म्हणाली.

हा नंबर ऐकल्यावर मात्र मला चटकन आठवलं. माणसाचं नाव आठवत नाही आणि केसचा नंबर आठवतो, अशी गत झाली होती आमची सगळ्यांची.

आता थोडं मागून सांगते. २००७ सालची गोष्ट. मी नागपूरची. न्यू जर्सीत एडिसनला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि सगळं ठीक असेल तर सही द्यायची. त्या सहीला साइन-ऑफ म्हणतात. साइन-ऑफ मिळाल्याशिवाय नवीन काही खऱ्या सिस्टिमवर चढवता येत नाही. आमचा क्लायंट होता वॉशिंग्टनमधली एक कन्सल्टिंग फर्म. दूरच्या एका प्रदेशात दोन पक्षांच्या शांततेच्या वाटाघाटी चालल्या होत्या आणि ही फर्म त्यांना 'टेक्निकल सपोर्ट' पुरवत होती. त्या प्रदेशाचं नाव मी लिहिणार नाही, सलमा आणि नादिया ही नावंही बदललेली आहेत. गुप्ततेच्या कागदावर माझी सही आहे. तो कागद मात्र ह्या लोकांनी फार काळजीने लिहिला होता. तेवढी काळजी बाकी कशात घेतली असती तर मला आज हे लिहावं लागलं नसतं.

तिथे एका पक्षाचं लष्कर दुसऱ्या पक्षाच्या गावांमध्ये कित्येक वर्षं ठाण मांडून बसलं होतं. ह्याला इंग्रजीत ऑक्युपेशन म्हणतात. जमीन तुमची, घर तुमचं, पण गावाबाहेर जायचं तर कुंपणाच्या फाटकावर परक्या शिपायाला परवाना दाखवायचा. शिपायाने हो म्हटलं तर जायचं, नाही म्हटलं तर परत फिरायचं. अशा लोकांच्या तक्रारी नोंदवायला आम्ही सिस्टिम बनवली होती. नादिया आणि तिच्यासारखे फील्ड ऑफिसर गावोगाव फिरून तक्रारी घेत आणि लॅपटॉपवर भरत. प्रत्येक तक्रारीला नंबर मिळायचा.

ह्यात एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. लष्कराच्या ऑफिसशी असं ठरलं होतं की तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माणसाला तात्पुरता परवाना मिळेल. म्हणून आमची सिस्टिम रोज त्यांच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे आमच्या सकाळी अकराला, उघड्या तक्रारींची यादी त्या ऑफिसला पाठवायची. यादीत नंबर असला की दुसऱ्या दिवशी फाटक उघडायचं. नसला की नाही.

सलमाच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा, शनिवार, सोमवार, बुधवार, तिला डायलिसिस लागायचं आणि डायलिसिसचं मशीन फाटकापलीकडच्या हॉस्पिटलात होतं. पक्का परवाना लष्कराने नाकारला होता. कारण दिलं नव्हतं. ती त्या नाकारण्याविरुद्ध तक्रार करून बसली होती आणि त्या उघड्या तक्रारीच्या जोरावर दीड वर्ष फाटक ओलांडत होती.

"शनिवारी तिला परत पाठवलं," नादिया फोनवर सांगत होती. "आज सकाळी पुन्हा परत पाठवलं. शिपाई म्हणतो, तुझी केस रिझॉल्व्ह झाली, प्रश्न सुटला. मी सिस्टिम उघडून पाहिली तर खरंच रिझॉल्व्ह. तिचे पाय सुजलेत, श्वास लागतोय. पाणी जेमतेम घोटभर प्यायला देतोय आम्ही. बुधवार चुकला तर काय होईल ते डॉक्टरांना विचारायचीसुद्धा गरज नाही."

"आणि बाकीच्या केसेस?"

"सगळ्या रिझॉल्व्ह आहेत. अकराशे चाळीसच्या अकराशे चाळीस. शांतता आली वाटतं आमच्याकडे, फक्त आम्हाला कोणी कळवलं नाही!"

मी खुर्चीत बसले. ह्या अकराशे चाळीस केसेस कोणी बंद केल्या हे मला नादियापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं. गुरुवारी माझ्याकडे एक स्क्रिप्ट टेस्टिंगला आली होती. स्क्रिप्ट म्हणजे शेकडो नोंदी एका झटक्यात बदलणारा छोटा प्रोग्रॅम. काम एका ओळीचं होतं: सगळ्या उघड्या केसेसचा स्टेटस 'रिझॉल्व्ह' करणे. मी टेस्ट सिस्टिमवर, म्हणजे खऱ्या सिस्टिमच्या नकलेवर, चालवून पाहिली. अपेक्षित बदल अकराशे चाळीस, प्रत्यक्ष बदल अकराशे चाळीस. पास. मी साइन-ऑफ दिला आणि डबा खायला गेले. शुक्रवारी सकाळी दहाला ती खऱ्या सिस्टिमवर चालली आणि अकराला रिकामी यादी लष्कराच्या ऑफिसला गेली.

टेस्टर लोकांचा हा अगदी जातिवंत गाढवपणा आहे. आकडा जुळला की आम्ही खूश. आकडा बदलायचाच कशाला, हे विचारायचं आम्हाला कोणी शिकवत नाही. आणि मी तर स्वतःला फार हुशार समजायचे.

मी तशीच शिरीषच्या क्यूबिकलमध्ये गेले. शिरीष आमचा प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचा. माणूस वाईट नव्हता, पण क्लायंट शिंकला तरी हा रुमाल घेऊन धावायचा.

"शिरीष, त्या केसेस का बंद केल्या आपण?"

"ग्रेगला हव्या होत्या यार. गुरुवारी मोठी बैठक आहे, दोन्ही डेलिगेशन्स समोरासमोर. डॅशबोर्डवर प्रत्येक उघडी केस लाल दिसते, सगळा लालेलाल झाला होता. अशा वातावरणात निगोशिएशन कसं होणार?"

"म्हणून तक्रारी बंद? एक बाई मरायला टेकली आहे तिथे." मी त्याला सलमाचं सांगितलं.

त्याचा चेहरा जरा उतरला. मग म्हणाला, "पण तू साइन-ऑफ दिलास ना?"

"दिला. म्हणूनच आले. परत उघड."

"मी कसा उघडणार? क्लायंटची इन्स्ट्रक्शन आहे. ग्रेगशी बोलावं लागेल."

"मग लाव फोन."

ग्रेग हा त्या फर्मचा डायरेक्टर. वाटाघाटी हेच त्याचं करिअर. जगातली अर्धी भांडणं त्याने 'फॅसिलिटेट' केली होती आणि त्यातलं एकही मिटलं नव्हतं, पण त्याला प्रमोशन मात्र दरवेळी मिळत गेलं. त्याच्याकडे शब्दांचा मोठा साठा होता. एखादी गोष्ट कोणालाच समजणार नाही अशी लिहिली की ती 'कन्स्ट्रक्टिव्ह अँबिग्युइटी'. कोणाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला दिला की ते 'कॉन्फिडन्स बिल्डिंग'.

शिरीषने स्पीकर लावला. मी सगळं सांगितलं. ग्रेगने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सुजाता, तुमची तळमळ मला समजते. पण ह्या तक्रारी फायनल स्टेटसमध्ये सुटणारच आहेत. दोन्ही बाजूंचं त्यावर एकमत आहे."

फायनल स्टेटस म्हणजे शेवटचा करार. सीमा कुठे, पाणी कोणाचं, फाटकं राहणार की जाणार, हे सगळं त्यात ठरणार होतं. कधी ठरणार, ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "करार झालाय का?"

"होण्याच्या मार्गावर आहे."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! इथे तर तुरीचं शेतही पेरलं नव्हतं. मी म्हटलं, "करार होईल तेव्हा होईल. तिला बुधवारी फाटक ओलांडायचंय."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. शुक्रवारी आपण तिची केस इंडिव्हिज्युअली पाहू. एका केससाठी पूर्ण प्रोसेस धोक्यात घालणं रिस्पॉन्सिबल नाही. ते डिटेल्स फील्डवर मॅनेज होतात."

वॉशिंग्टनच्या गरम ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकत होता लेकाचा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी आणखी काही बोलले असते तर नोकरी तिथेच गेली असती. शिरीषने घाईघाईने फोन ठेवला.

"हे बघ सुजाता," तो म्हणाला, "तुझी ग्रीन कार्डची फाइल कंपनीने आत्ताच टाकली आहे. कशाला उगाच? वर्ल्ड पीस आपलं काम नाही. आपलं काम सॉफ्टवेअर."

"बरोबर," मी म्हटलं. "सॉफ्टवेअरचंच पाहते."

आणि खरंच तेच पाहिलं. दोन वर्षांपूर्वी प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हाचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट मी काढलं. सिस्टिमने काय करावं आणि काय करू नये, हे त्यात लिहिलेलं असतं. सुरुवातीला सगळे त्यावर मोठ्या थाटाने सही करतात आणि नंतर ते कोणी उघडत नाही. आमच्या घरची सवय वेगळी. माझे वडील नागपूरच्या कोर्टात कारकून होते आणि त्यांचा दंडक होता की भांडायचं असेल तर आधी कलम वाचून ये. कायद्याच्या कागदावर काय लिहिलंय ते आपण स्वतः वाचलं नाही तर दुसरे आपल्याला वाचून दाखवतात आणि हवं ते गाळतात, हे आमच्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगलं आहे. त्यामुळे नव्वद पानांना मी घाबरले नाही. फक्त हे वाचन गुरुवारी करायला हवं होतं, ते सोमवारी करत होते. वरातीमागून घोडं.

कलम चौदा. केस फक्त दोन कारणांनी बंद होईल: तक्रारदाराचा प्रश्न प्रत्यक्ष सुटला, किंवा तक्रारदाराने स्वतः तक्रार मागे घेतली. पक्षांमधल्या कोणत्याही चालू किंवा भावी करारामुळे केस बंद करता येणार नाही. खाली आधार दिला होता: चौथं जिनिव्हा कन्व्हेन्शन, आर्टिकल सत्तेचाळीस. शेजारी दोन्ही डेलिगेशन्सच्या वकिलांच्या आद्याक्षरांच्या सह्या. आणि त्याखाली ग्रेगची सही, भलीमोठी, लफ्फेदार.

हे आर्टिकल सत्तेचाळीस मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. सोप्या भाषेत सांगते. परक्या लष्कराच्या ताब्यात असलेल्या सामान्य माणसांना काही हक्क आहेत. उपचार मिळणं हा त्यातलाच एक. वर बसलेल्या दोन्ही पक्षांनी आपापसात कसलाही करार केला तरी ते हक्क त्यांना काढून घेता येत नाहीत. म्हणजे तुम्ही सीमेची घासाघीस करा, पाण्याची करा, झेंड्याची करा, पण सलमाचं हॉस्पिटल टेबलावर ठेवायचा तुम्हाला अधिकारच नाही. ते तुमचं नाहीच. हे लोक आयजीच्या जिवावर बायजी उदार होतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना आधीच ठाऊक असणार, म्हणून त्यांनी तसं लिहून ठेवलं. ग्रेगने त्याखाली सही केली होती, पण वाचलं नव्हतं.

आता मी काय करू शकत होते? बॉसला ओरडून सांगू शकत नव्हते, पेपरात देऊ शकत नव्हते. पण टेस्टरच्या हातात एक गोष्ट असते. चूक सापडली की ती नोंदवणं. तिला आम्ही डिफेक्ट म्हणतो आणि गंभीरपणाप्रमाणे नंबर देतो. सगळ्यात वाईट तो सिव्हिअरिटी वन. सिव्हिअरिटी वन टाकला की सिस्टिम आपोआप प्रोजेक्टशी संबंधित सगळ्यांना ईमेल पाठवते. ह्या 'सगळ्यां'ची यादी ग्रेगनेच बनवली होती. किकऑफ मीटिंगला, म्हणजे प्रोजेक्टच्या पहिल्या बैठकीत, 'टोटल ट्रान्स्परन्सी' म्हणून टाळ्या मिळवण्यासाठी त्याने दोन्ही डेलिगेशन्सचे वकील, पैसे देणाऱ्या सरकारांचे अधिकारी, सगळे त्यात घातले होते. दोन वर्षांत सिव्हिअरिटी वन एकदाही आला नाही, त्यामुळे ही यादी सगळे विसरून गेले होते.

दुपारी अडीच वाजता मी डिफेक्ट लिहिला. अगदी कोरडा.

"अपेक्षित: कलम चौदाप्रमाणे केस प्रश्न सुटल्यावर किंवा तक्रारदाराच्या मर्जीनेच बंद होईल. प्रत्यक्ष: अकराशे चाळीस केसेस प्रश्न न सुटता बंद. परिणाम: सर्व तात्पुरते परवाने शुक्रवारपासून रद्द. केस बावीसशे सोळाचे दोन डायलिसिस चुकले, तिसरं बुधवारी. कारण: टेस्टरने कलम चौदा न तपासता साइन-ऑफ दिला. टेस्टर: सुजाता."

 शेवटची ओळ टाळता आली असती, कोणाला कळलंही नसतं. पण दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर आणायची आणि आपली झाकायची, तर मग मी आणि ग्रेग सारखेच. मी सबमिट दाबलं.

पाच मिनिटांत शिरीष धावत आला. "अगं काय केलंस हे! कोणाकोणाला गेलंय माहितीये का?"

"यादी ग्रेगची आहे."

"मागे घे ते! सिव्हिअरिटी फोर कर, स्पेलिंग मिस्टेक म्हण."

"बाई मरायला टेकली हे स्पेलिंग मिस्टेक?"

तो खुर्चीवर बसला आणि डोकं धरलं. मला त्याची दया आली नाही. आज येते थोडी.

मंगळवारी सकाळी साडेआठला ऑफिसात पोचले तेव्हा इनबॉक्समध्ये दोन उत्तरं होती. पहिलं गावकऱ्यांच्या बाजूच्या वकीलबाईंचं. त्यांनी लिहिलं होतं की केसेस बंद करायला आमच्या पक्षाने संमती दिली नाही, तसं आम्हाला विचारलंही नाही, आणि विचारलं असतं तरी अशी संमती द्यायचा आम्हाला अधिकार नाही. दुसरं लष्कराच्या बाजूच्या वकिलांचं. ते अजून घाबरलेले. त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्या पक्षाच्या विनंतीवरून केसेस बंद होत आहेत असं आम्हाला सांगण्यात आलं होतं, हे खरं नसेल तर ह्या गोष्टीशी आमचं नाव जोडू नये.

मी दोन्ही ईमेल शेजारी शेजारी ठेवून वाचली आणि मोठ्याने म्हणाले, "माय वो!" ग्रेगने ह्याला सांगितलं तो तयार आहे, त्याला सांगितलं हा तयार आहे. दोन्ही बाजूंचं एकमत म्हणतात ते हे! आमच्याकडे लग्न जमवणारे मध्यस्थ असं करतात, पण त्यांना निदान जेवण घालून काम भागतं. ह्याला त्यासाठी वॉशिंग्टनमध्ये ऑफिस होतं.

सव्वादहाला ग्रेगचा फोन. आज 'तळमळ समजते' वगैरे काही नाही. "सगळ्या केसेस परत उघडा. आत्ता."

"शुक्रवारी इंडिव्हिज्युअली पाहायच्या होत्या ना?" मी विचारलं.

"आत्ता," तो म्हणाला आणि फोन आपटला.

अकराला यादी जाणार होती. पाऊण तास. शिरीषने स्क्रिप्ट चालवण्याआधी बॅकअप घेतला नव्हता, घाई होती म्हणे. मी दोन शिव्या मनात आणि एक तोंडाने दिली. सुदैवाने प्रत्येक केसचा जुना इतिहास सिस्टिम वेगळा ठेवते, त्यातून जुने स्टेटस काढता येत होते. शिरीषने उलटी स्क्रिप्ट लिहिली. आता मात्र तो खाली मान घालून भराभर टाइप करत होता. मी टेस्ट केली. आकडा जुळला. पण ह्या वेळी मी आकड्यावर थांबले नाही, बावीसशे सोळा स्वतः उघडून पाहिली. दहा पंचावन्नला खऱ्या सिस्टिमवर चढवली. अकराला यादी गेली.

बुधवारी नादियाने केसमध्ये एक ओळ टाकली: सकाळी सात चाळीसला फाटक ओलांडलं, डायलिसिस सुरू. फुप्फुसात पाणी झालं होतं म्हणून तिला चार दिवस ठेवून घेतलं. वाचली. मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत कामाला बसले.

गुरुवारची बैठक व्यवस्थित झाली. ग्रेगने अकराशे चाळीस उघड्या तक्रारींची लाल स्लाइड दाखवली आणि पारदर्शकतेवर पंधरा मिनिटं बोलला, असं शिरीषने सांगितलं. त्यानंतर काही महिन्यांत वाटाघाटी मोडल्या. फायनल स्टेटस आलाच नाही. त्या केसेस तेव्हा बंदच राहिल्या असत्या तर त्या माणसांच्या हातात ना करार ना परवाना, अशी अवस्था झाली असती. वर्षअखेर माझ्या अप्रेझलमध्ये लिहून आलं: कामात काटेकोर, परंतु स्टेकहोल्डर सेन्सिटिव्हिटी वाढवण्याची गरज. म्हणजे क्लायंटला दुखवू नये. पगारवाढ शून्य. आणि पुढच्या वर्षी कंपनीने नवीन ब्रोशर छापलं, त्यात 'करारापासून सुरक्षित नागरी तक्रारी' हे आमच्या प्रॉडक्टचं खास फीचर म्हणून दिलं होतं. शेजारी शिरीष आणि ग्रेग हस्तांदोलन करतानाचा फोटो. चांगला आला होता.

ह्यातून मी शिकले ते एवढंच की शांततेच्या टेबलावर बसलेल्या माणसांना मोठं मन दाखवायची फार हौस असते, आणि ते दाखवायला त्यांना नेहमी दुसऱ्याचीच वस्तू सापडते. आणि साइन-ऑफ देणाऱ्याने आकडा जुळवण्याआधी ती वस्तू कोणाची आहे ते पाहावं.

दोनेक आठवड्यांनी नादियाचा पुन्हा फोन आला, दुसऱ्याच एका कामासाठी. मी सलमाची चौकशी केली. ती ठीक होती. मग माझ्याने राहवलं नाही. मी विचारलं, "तिला सांगितलंत का, काय झालं होतं ते?"

"सांगितलं," नादिया म्हणाली. "अमेरिकेतल्या एका बाईने तुझी तक्रार परत उघडायला लावली म्हणून."

"मग? काय म्हणाली?"

नादिया म्हणाली, "तिने विचारलं, आधी बंद कोणी केली होती. मी खरं ते सांगितलं, सही त्याच बाईची होती म्हणून. मग म्हणाली, तिनेच बंद केली, तिनेच उघडली, ह्यात मी आभार कसले मानायचे? तिला म्हणावं, आता माझ्या तक्रारीला हात लावू नकोस."